दुधाच्या दाढेची कॅप

दुधाची दाढ खूप किडली किंवा तिची नस काढावी लागली की तिच्यावर चढवतात ते तयार टोपण म्हणजे ही कॅप. ठाणे, नवी मुंबईकडच्या दवाखान्यांत सर्रास स्टीलची बसवतात. पांढरी झिरकोनियाचीही (हा सिरॅमिकसारखा कडक पदार्थ) मिळते, पण ती महाग असते आणि ती लवत नसल्याने दात जास्त कोरून बारीक करावा लागतो.

स्टीलची कॅप नेमकी कोणी आणली यावर एकमत नाही. रॉकी माउंटन या अमेरिकन कंपनीने 1947 च्या सुमारास ती बाजारात आणली असं धरतात, आणि 1950 मध्ये हम्फ्रे आणि एंगेल या दोन दंतवैद्यांनी त्यावर लिहिलं, तरी मुलांच्या दातांसाठी ही रीत पसरली ती मुख्यतः हम्फ्रेमुळे, हे मत जास्त पटणारं आहे. दुसरं वळण स्कॉटलंडच्या डॉ. नोर्ना हॉल यांचं. त्या 1980 च्या दशकापासून कीड न कोरता, भूल न देता, कॅपमध्ये ग्लास आयोनोमर हे दाताला चिकटणारं सिमेंट भरून ती सरळ दाढेवर दाबून बसवायच्या. 2006 मध्ये त्यांच्या नोंदी छापून आल्यावर बाकीच्यांनी दखल घेतली. आत बंद झालेल्या किडीला अन्न मिळत नाही आणि ती थांबते, असं यामागचं गणित. मात्र नसेपर्यंत पोचलेल्या किडीला, म्हणजे रात्री ठणकणाऱ्या किंवा हिरडीवर पुटकुळी आलेल्या दाढेला, हे चालत नाही, आधी एक्स-रे बघावाच लागतो.

बसवताना मूल कापसाच्या गुंडाळीवर चावतं, कडेने सिमेंट बाहेर येतं ते लगेच पुसतात, हिरडी थोडा वेळ पांढरी पडते. हॉल पद्धतीत चावा सुरुवातीला उंच लागतो, म्हणजे बाकीचे दात पूर्ण मिटत नाहीत, काही आठवड्यांत बसतो. स्टीलमधल्या निकेलची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं.

"पडणारच आहेत, कशाला खर्च" हे आजी-आजोबांचं बोलणं दाढांपुरतं तरी चुकीचं, कारण त्या 10 ते 12 व्या वर्षापर्यंत लागतात आणि लवकर काढल्या की शेजारची दाढ सरकून पक्क्या दाताची जागा खाते. लहान वयात कीड अनेकदा दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवण्यातून लागते, वरचे पुढचे दात आधी जातात, खालचे जिभेखाली झाकले जातात म्हणून वाचतात. पहिला दात आल्यापासून ब्रश, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट, मग वाटाण्याएवढी, आणि सात-आठ वर्षांपर्यंत घासून द्यायचं मोठ्यांनीच. कॅपवाली दाढही घासायची, हिरडीच्या कडेला तर नक्की.

नेरूळ, बेलापूर, कामोठे, खारघरला डेंटल कॉलेजं आहेत, तिथे मुलांच्या दातांचे वेगळे विभाग असतात.