फ्लाइट 4 तास 22 मिनिटांची, इंधनही तेवढंच

28 नोव्हेंबर 2016 च्या रात्री कोलंबियात मेडेलीनजवळच्या डोंगरात लामिया कंपनीचं चार्टर विमान कोसळलं. आत ब्राझीलची शापेकोएन्से फुटबॉल टीम होती, कोपा सुदामेरिकानाची फायनल खेळायला निघालेली. 77 पैकी 71 जण गेले. एवढ्या जोरात आदळूनही आग लागली नाही, कारण पेटायला टाकीत इंधनच उरलं नव्हतं.

विमानात इंधन भरताना मुक्कामापर्यंतचा हिशोब पुरत नाही. वारं उलटं लागलं तर थोडं वर, तिथे उतरता आलं नाही तर दुसऱ्या एअरपोर्टपर्यंतचं, आणि तरीही साधारण अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं शिल्लक लागतं. बोलिव्हियातल्या सांताक्रूझहून निघताना फ्लाइट प्लॅनमध्ये प्रवास 4 तास 22 मिनिटांचा लिहिला होता आणि इंधन पुरणार तेही बरोब्बर 4 तास 22 मिनिटंच! तिथल्या एका महिला अधिकाऱ्याला हे खटकलं, तिने सांगितलं असं ती म्हणते, तरी विमान उडालं.

वाटेत बोगोटाला उतरून इंधन घेता आलं असतं, तेही केलं नाही. मेडेलीनला पोचले तर दुसऱ्या एका विमानाला आधी उतरवत होते म्हणून ह्यांना आकाशातच थांबायला सांगितलं, आणि पायलटने इंधनाची खरी अवस्था सांगितली ती अगदी शेवटी. मग चारही इंजिनं एकेक करत बंद. आता इंजिनांवरच जनरेटर चालतात, त्यामुळे इंजिनं गेली की मुख्य वीजपण गेली, रडारवर कंट्रोलरला विमानाची उंची दिसेना, आणि खाली काळोखात डोंगर. रनवे 20 किलोमीटरच्या आत होता हो.

मग दोषी कोण? पायलट, हे उत्तर सगळ्यात सोपं, आणि त्याची चूक मोठी आहेच. पण तो कंपनीचा भागीदारपण होता, म्हणजे वाटेत उतरायचा खर्च त्याच्याच खिशातून, आणि माझ्या मते खरी गडबड इथेच आहे, कारण पायलटला "नको" म्हणणारा मालक नाही आणि मालकाला "नको" म्हणणारा पायलट नाही. अशा वेळी बाहेरच्या कुणीतरी थांबवायला हवं असतं. कोलंबियाच्या तपास अहवालात इंधनाच्या चुकीच्या नियोजनासोबत कंपनीवरच्या कमकुवत देखरेखीवरही बोट ठेवलंय. पण असा तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो, शिक्षा ठरवणं त्याचं कामच नाही, ते कोर्टाचं.

आणि तिथे काय झालं? लामियाच्या संचालकाला अटक झाली. विमा कंपन्या म्हणाल्या की हप्ते थकलेत आणि कोलंबिया पॉलिसीत बसतच नाही, त्यामुळे घरचे लोक वर्षानुवर्षं भरपाईसाठी भांडत राहिले. आणि ती महिला अधिकारी, जी म्हणते मी आधीच सांगितलं होतं, ती ब्राझीलला पळून गेली आणि 2021 मध्ये तिलाही तिथे अटक झाली.