किक पॅड सरकतंय की डुलतंय?

इलेक्ट्रॉनिक ड्रम घरी आला की पहिली तक्रार बहुतेक किकचीच, म्हणजे पायाने वाजवायच्या पॅडचीच असते: ‘पॅड हलतंय.’ हे हलणं दोन तऱ्हेचं असतं आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला चक्क बाधतो. म्हणून दुकानात जाण्याआधी नेमकं काय होतंय ते बघून घ्या.

टॉवरच्या, म्हणजे किक पॅड ज्यावर उभं असतं त्या स्टँडच्या, पुढच्या पायांना चिकटून फरशीवर मास्किंग टेप लावा आणि पाचेक मिनिटं नेहमीच्या जोरात वाजवा. पाय टेप ओलांडून पुढे गेले, तर पॅड सरकतंय. पाय जागच्या जागी, पण दर ठोक्याला पॅडचा माथा पुढे-मागे होतोय, तर ते डुलतंय.

सरकण्याचं कारण साधं आहे. टॉवर हलका, फरशी गुळगुळीत, पकड नाही. नुसती सतरंजी टाकून भागत नाही, कारण ती स्वतःच टॉवरसकट पुढे जाते. जाड, खालून रबर असलेला गालिचा घ्या आणि तो एवढा मोठा असू द्या की तुमचं बसायचं स्टूलही त्यावरच येईल. मग तुमच्याच वजनाखाली गालिचा दबून राहतो. टॉवरचे किंवा पेडलचे टोकदार स्पर, म्हणजे खिळ्यासारखी टोकं, गालिच्यातच रुतवायचे. उघड्या फरशीवर ते घसरतात आणि चरे पाडतात ते वेगळंच.

डुलणं जास्त चिवट. बीटर, म्हणजे पेडलचा पॅडवर आपटणारा हातोडा, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर आपटतो, त्यामुळे प्रत्येक ठोका टॉवरला पुढच्या पायांवर कलंडवू पाहतो. त्याला आवर घालतं ते पेडल. पेडल टॉवरला धरून ठेवणारा क्लॅम्प घट्ट असेल तर पेडल आणि टॉवर मिळून एकच लांब बैठक तयार होते आणि तुमच्या पायाचा भार तिला खाली दाबून धरतो. क्लॅम्प सैल असेल तर तिथे बिजागरी झाली म्हणून समजा.

म्हणून आधी क्लॅम्पकडे बघा. पेडलचा जबडा अकूस्टिक ड्रमच्या जाड लाकडी कडीसाठी बनवलेला असतो, टॉवरची पट्टी मात्र बरेचदा पातळ पत्र्याची असते. स्क्रू पार आवळला तरी फट उरते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दुहेरी घडी करून त्या फटीत घाला, पकड लगेच बसते. आवळून झाल्यावर पेडलची टाच जमिनीला टेकली आहे ना, तेही तपासा. टाच अधांतरी असेल तर पट्टीची उंची जुळलेली नाही. टॉवरच्या पायांचे बोल्ट फिरवून ती जुळवा. चारही पायांखाली कागद सरकवून बघा. एखाद्या पायाखालून तो सहज गेला, तर तो पाय टेकलेलाच नाही. खाली अखंड पत्रा नसलेलं, तारेच्या चौकटीचं स्वस्त पेडल मुळातच पिळवटतं, तिथे क्लॅम्प आवळून फारसं काही साधत नाही.

फ्लॅटमध्ये गोंधळ होतो तो इथेच. खालच्या मजल्यावर धपधप जाऊ नये म्हणून लोक फोम किंवा योगा मॅट टाकतात. सरकणं थांबतं, पण पायांखाली मऊ आल्यामुळे डुलणं वाढतं. फोम ठेवायचाच असेल तर त्यावर 18 मिमीचा प्लायवुड टाका आणि टॉवर व पेडल दोन्ही त्याच फळीवर घ्या. फळी एवढी मागे आणा की स्टूलही तिच्यावर येईल, नाहीतर फळीच पुढे सरकेल. पुढच्या पायांसमोर फळीला एक लाकडी पट्टी स्क्रूने ठोका. माझ्या मते हाच सगळ्यात भरवशाचा इलाज आहे. एका फळीत दोन्ही दुखणी आटोक्यात येतात.

एका ठोक्याला दोन आवाज येत असतील तर मॉड्यूलमधल्या, म्हणजे ठोक्यांचा आवाज काढणाऱ्या डब्यातल्या, सेटिंगला घाईने हात लावू नका. डुलणारं पॅड मागे येताना तिथेच टेकलेल्या बीटरवर पुन्हा आपटतं आणि मॉड्यूल तो ठोका इमानदारीने मोजतं. रीट्रिगर कॅन्सल, म्हणजे लगोलग आलेला दुसरा ठोका गाळणारं सेटिंग, वाढवलं की तो दुसरा आवाज दबतो, पण जलद दुहेरी ठोकेही गाळले जाऊ शकतात. आधी क्लॅम्प, मग फळी, आणि तरीही आवाज दोनदा आला तरच सेटिंग.