फिलाडेल्फिया ईगल्स : पहिल्या राउंडचे ड्राफ्ट पिक

फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉल टीमनं १९३६ पासून २०२५ पर्यंत कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये पहिल्या राउंडला, म्हणजे निवडीच्या पहिल्या फेरीत, कोणाकोणाला घेतलं त्याची ही नोंद; अशा एकेका निवडीला पिक म्हणतात. टीम १९३३ ची, बर्ट बेल आणि लड रे यांनी सुरू केलेली, आणि ड्राफ्टची कल्पनाच मुळात बेलची, त्यामुळे यादी एका टीमची असली तरी या पद्धतीचा जन्म, तिच्यातल्या पळवाटा आणि तिच्यातला अन्याय असं सगळं त्यात सापडतं. पद्धत साधी आहे. गेल्या सीझनला जी टीम सगळ्यात खाली तिचा नंबर पहिला, विजेत्याचा शेवटी. आयपीएलसारखी बोली लागत नाही, नाव घेतलं की त्या खेळाडूशी बोलायचा हक्क फक्त त्याच टीमचा, आणि हा हक्क किंवा पुढच्या वर्षांचे नंबरसुद्धा दुसऱ्या टीमला देता येतात. ईगल्सनी हे देऊन टाकणं फार केलंय आणि यादी वाचताना ते सतत लक्षात ठेवावं लागतं.

उगम : ड्राफ्टचा प्रस्ताव बेलनं मांडला आणि मे १९३५ मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या टीमच्या मालकांनी तो मंजूर केला, इथपर्यंत कोणाचा वाद नाही. वाद आहे तो त्याला हे सुचलं कशावरून यावर. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट स्टॅन कोस्टकाची. हा मिनेसोटा विद्यापीठाचा दणकट फुलबॅक (बॉल घेऊन धावणारा), १९३४ च्या सीझननंतर त्याच्यामागे बऱ्याच टीम लागल्या, बेलही होता, पण आकडे वाढत गेले आणि शेवटी ब्रुकलिन डॉजर्सनी (बेसबॉलवाले नाहीत, त्याच नावाची फुटबॉल टीम) त्याला नेलं. हात हलवत परत आलेल्या बेलनं तिथेच ठरवलं की हे असं चालणार नाही. गोष्ट छान आहे, पण तिचा बराचसा भार बेलच्या स्वतःच्या, नंतर सांगितलेल्या आठवणींवर आहे आणि त्यातले रकमेचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, म्हणून ते इथे दिलेले नाहीत.

दुसरं मत असं की कोस्टका हे फक्त निमित्त होतं, खरं दुखणं जुनंच होतं. १९३३ ते १९३५ सलग तीन वर्षं पूर्व विभागात न्यूयॉर्क जायंट्स पहिले, पश्चिमेकडे शिकागो बेअर्सचा दबदबा, चांगला पोरगा कॉलेजमधून बाहेर पडला की तो पैसेवाल्या आणि जिंकणाऱ्या टीमकडेच जाणार आणि फिलाडेल्फियासारख्यांच्या वाट्याला उरलेसुरले, मग स्टेडियम रिकामं आणि तिकिटाचे पैसेही नाहीत. कमकुवत टीम बुडाल्या तर सगळी लीगच बुडेल हे बेलचं म्हणणं बेअर्सचा जॉर्ज हॅलस आणि जायंट्सचा टिम मारा या बलाढ्य टीमच्या मालकांनाही पटलं, म्हणजे ज्यांचं नुकसान व्हायचं होतं त्यांनीच मत दिलं. इथे तिसरं मत येतं. काही अभ्यासक विचारतात, की हे मोठेपण होतं का हिशोब? कारण एका खेळाडूशी एकच टीम बोलणार म्हटल्यावर बोली संपली आणि पगार आपोआप आवाक्यात राहिले, हा फायदा बेअर्स आणि जायंट्सनाही तेवढाच. तिन्ही मतांत थोडंथोडं तथ्य आहे, पण पहिल्याच ड्राफ्टमध्ये काय झालं ते बघितलं तर पगाराच्या मुद्द्याला जास्त वजन द्यावं लागतं.

हा पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ ला फिलाडेल्फियाच्याच रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. नऊ टीम, नऊ राउंड, एकूण ८१ नावं. आधीच्या सीझनला ईगल्स २ जिंकून ९ हरलेले, त्यामुळे लीगच्या इतिहासातला पहिलावहिला पिक त्यांचा, आणि त्यांनी नाव घेतलं शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचं, ज्याला कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या, पुढे हाइझमन म्हणून ओळखल्या गेलेल्या ट्रॉफीचा पहिला मान मिळाला होता. तो एकही प्रोफेशनल मॅच खेळला नाही. त्याची अपेक्षा बेलला झेपणारी नव्हती, बेलनं हक्क हॅलसच्या बेअर्सना देऊन टॅकल या जागेवर खेळणारा आर्ट बस घेतला, हॅलसचंही बरवँगरशी जमलं नाही आणि तो सरळ नोकरीला लागला. ऑलिम्पिकसाठी हौशी दर्जा टिकवायचा होता असंही एक कारण सांगतात. काही असलं तरी मधल्या काळात तिसऱ्या कोणा टीमला त्याला जास्त पैसे देऊन बोलवायची सोयच उरली नव्हती.

कोणाला मोजायचं : याद्यांमध्ये फरक दिसतो त्याची कारणं तीन. एक, १९४१ च्या आधीचे पिक. डिसेंबर १९४० ते एप्रिल १९४१ या काळात अलेक्सिस थॉम्प्सननं पिट्सबर्गची टीम विकत घेतली, तिचा आधीचा मालक आर्ट रूनी बेलचा भागीदार झाला आणि मग दोन्ही बाजूंनी शहरांचीच अदलाबदल केली, म्हणजे बेल आणि रूनी पिट्सबर्गला, थॉम्प्सन फिलाडेल्फियाला. मालकाच्या मागे जायचं ठरवलं तर बरवँगर पिट्सबर्गच्या खात्यात जाईल, पण लीग टीमचा इतिहास शहराबरोबर ठेवते आणि इथेही तेच धरलंय. दोन, हक्क नंतर दिला तर पिक ईगल्सचा, नंबरच आधी दिलेला असेल तर नाही. म्हणून १९४० चा जॉर्ज मॅकॅफी यादीत आहे आणि १९४१ चा टॉम हार्मन नाही, कारण त्याचं नाव ईगल्सच्या नंबरवर बेअर्सनीच घेतलं. तीन, १९४७ ते १९५८ मधला बोनस पिक. दरवर्षी चिठ्ठी काढून एका टीमला सगळ्यांच्या आधी एक जादा निवड मिळायची, काही जुन्या याद्या तो पहिल्या राउंडमध्ये धरत नाहीत. धरला नाही तर चक बेडनरिक यादीतून जातो, आणि ते कुठल्याच ईगल्सवाल्याला मान्य होणार नाही.

तारखांचंही जरा बघून घ्यावं लागतं. ड्राफ्टला पुढच्या सीझनचं वर्ष लागतं, प्रत्यक्ष बैठक काही वेळा आदल्या डिसेंबरमध्येच झालेली असते.

पहिली काही वर्षं : सुरुवातीची यादी वाचवत नाही. १९३६ चा बरवँगर बेअर्सना. १९३७ ला पुन्हा पहिला नंबर, सॅम फ्रान्सिस, त्याचाही हक्क बेअर्सना आणि बदल्यात बिल ह्युइट. १९४० चा मॅकॅफी बेअर्सना, तो पुढे हॉल ऑफ फेमपर्यंत, म्हणजे खेळातल्या दिग्गजांच्या सन्मान-यादीपर्यंत गेला. १९४१ चा नंबर बेअर्सना. दुबळ्यांना हात देण्यासाठी काढलेल्या योजनेचा माल तिच्याच जनकाच्या हातून लीगमधल्या सगळ्यात तगड्या टीमकडे जात होता, आणि कारण एकच, खिशात पैसे नव्हते. अपवाद १९३९ चा डेव्ही ओब्रायन, टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा हाइझमन विजेता क्वार्टरबॅक (आक्रमणात पास फेकणारा), उंची जेमतेम पाच फूट सात इंच. १ डिसेंबर १९४० ला वॉशिंग्टनविरुद्ध त्यानं ६० पास टाकले आणि ३३ पूर्ण केले, टीम तरीही हरली, आणि त्या सीझननंतर तो खेळ सोडून एफबीआयमध्ये भरती झाला. युद्धाच्या वर्षांतल्या पीट क्मेटोविच (१९४२) आणि जो मुहा (१९४३) यांच्यातला मुहा युद्धानंतर येऊन उपयोगी पडला. १९४३ ला मनुष्यबळाअभावी ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स एका सीझनपुरते एकत्र खेळले, पण ड्राफ्ट त्याआधीच होऊन गेला होता, त्यामुळे मुहा निर्विवादपणे ईगल्सचाच.

व्हॅन ब्युरेन आणि बेडनरिक : १९४४ ला पाचव्या नंबरवर लुइझियाना स्टेटचा स्टीव्ह व्हॅन ब्युरेन आला, होंडुरासमध्ये जन्मलेला, आणि ईगल्सचं नशीब पालटलं. १९ डिसेंबर १९४८ च्या फायनलला फिलाडेल्फियात एवढा बर्फ पडत होता की मैदानावरच्या रेघा दिसत नव्हत्या, मॅच होणारच नाही असं समजून तो घरीच थांबलेला, मग बस-ट्रॉली बदलत शाइब पार्कला पोचला आणि चौथ्या क्वार्टरमध्ये मॅचचा एकमेव टचडाउन त्यानंच केला, ७-०, टीमचं पहिलं विजेतेपद. दोनच दिवसांनी, २१ डिसेंबरला, १९४९ चा ड्राफ्ट त्याच शहरात होता आणि बोनसची चिठ्ठी निघाली ती ताज्या ताज्या विजेत्यांची! बेडनरिक तसा घरचाच, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा, युद्धात बॉम्बर विमानावर गनर म्हणून ३० मोहिमा करून आलेला. आक्रमणात सेंटर आणि बचावात लाइनबॅकर अशा दोन्ही बाजूंनी खेळला, १९६० च्या फायनलला पस्तिशीतही जवळजवळ पूर्ण वेळ मैदानात होता आणि शेवटच्या क्षणी ग्रीन बेच्या जिम टेलरला त्यानंच आडवा पाडला, १७-१३. ईगल्सच्या पहिल्या राउंडवाल्यांत याच्या वर कोणी नाही. त्याच ड्राफ्टमध्ये नवव्या नंबरवर घेतलेला क्वार्टरबॅक फ्रँक ट्रिपुका मात्र त्याच वर्षी डेट्रॉइटला गेला.

जॉनी ब्राइट : १९५० चा बड ग्रँट आधी बास्केटबॉल खेळून मग आला आणि दोन सीझननंतर कॅनडाला गेला, पुढे मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोच म्हणून गाजला. १९५२ चा पाचवा पिक जॉनी ब्राइट तर आलाच नाही. ड्रेक विद्यापीठाचा हा कृष्णवर्णीय खेळाडू ऑक्टोबर १९५१ मध्ये ओक्लाहोमा ए अँड एमविरुद्ध खेळत असताना बॉल जवळ नसताना त्याच्या जबड्यावर मुद्दाम हल्ला झाला, जबडा मोडला, त्या फोटोंना पुलित्झर मिळालं. ईगल्सकडे तोपर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. दक्षिणेतून आलेल्या खेळाडूंनी भरलेल्या लीगमध्ये आपल्याला कसं वागवतील याची खात्री नाही असं त्यानं पुढे सांगितलं, आणि तो कॅलगरीला गेला. कॅनडात तो दिग्गज ठरला, एडमंटनबरोबर तीन ग्रे कप (तिथली विजेतेपदं) जिंकला. बरेच जण हा पिक 'वाया गेला' अशा खात्यात टाकतात आणि पुढे जातात, ते बरोबर नाही. वाया घालवलं ते लीगनं. त्याच १९५२ मध्ये राल्फ गोल्डस्टन आणि डॉन स्टीव्हन्स हे ईगल्सचे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू झाले.

पन्नाशीच्या दशकातल्या नंतरच्या नील वर्डन, डिक बिएल्स्की, बॉब पेलेग्रिनी, क्लॅरेन्स पीक्स यांच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. १९५९ चा नंबर क्वार्टरबॅक नॉर्म व्हॅन ब्रॉक्लिनसाठी लॉस एंजेलिस रॅम्सना दिला आणि १९६० चं विजेतेपद त्यातूनच आलं, म्हणजे टीमचा सगळ्यात चांगला पिक तो न वापरलेला असंही म्हणता येईल. १९६० पासून एएफएल या नव्या प्रतिस्पर्धी लीगमुळे बोली पुन्हा सुरू झाली आणि रॉन बर्टन, आर्ट बेकर, एड बडी हे तिघं तिकडे गेले. १९६४ चा बॉब ब्राउन राहिला आणि हॉल ऑफ फेमपर्यंत पोचला.

१९६८-६९ : या वर्षाबद्दल फिलाडेल्फियातले जुने लोक अजून हळहळतात. टीम ०-११, म्हणजे एकही विजय नाही, कोच जो कुहारिकला घालवा म्हणून स्टेडियममध्ये घोषणा, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच नाव, ओ. जे. सिम्पसन. मग शेवटच्या तीनपैकी दोन मॅच जिंकल्या. पहिला नंबर बफेलोकडे गेला, ईगल्सना तिसरा मिळाला, त्यांनी लेरॉय कीज घेतला आणि चौथ्यावर पिट्सबर्गनं जो ग्रीन. सिम्पसन हुकला याचं सगळ्यांना दुःख, पण खरी चूक ग्रीनला सोडण्याची होती, पुढच्या अकरा वर्षांत पिट्सबर्गनं चार सुपर बोल (विजेतेपदाच्या फायनल) जिंकले ते त्याच्या जोरावर.

रिकामी पाच वर्षं : १९७३ ला जेरी सिझमोर आणि चार्ल यंग असे दोन उत्तम पिक झाले आणि नंतर १९७४ ते १९७८ यादी कोरी. रोमन गॅब्रिएलसाठी १९७४ आणि १९७५, माइक बोरिलासाठी १९७६, बिल बर्गीसाठी १९७७ आणि १९७८. बर्गी सोन्यासारखा निघाला, बाकी दोन सौदे महाग पडले. १९७६ ला आलेल्या डिक व्हर्मिलला त्यामुळे पहिला पिक १९७९ ला मिळाला, जेरी रॉबिन्सन, तरी त्यानं जानेवारी १९८१ ला टीमला सुपर बोलपर्यंत नेलं ते हॅरोल्ड कारमायकल (सातवा राउंड) आणि विल्बर्ट मॉन्टगोमेरी (सहावा राउंड) अशांना घेऊन.

ऐंशीच्या दशकात १९८२ चा माइक क्विक, १९८७ चा जेरोम ब्राउन आणि १९८८ चा कीथ जॅक्सन ठळक. ब्राउन जून १९९२ मध्ये कार अपघातात २७ व्या वर्षी गेला, त्याचा ९९ नंबर टीमनं रिटायर केला. नव्वदीत बहुतेक निराशाच, त्यात १९९५ चा माइक मामुला हा धडा म्हणून सांगितला जातो. ड्राफ्टआधीच्या धावण्या-उचलण्याच्या चाचण्यांची खास तयारी करून त्यानं सगळ्यांना चकित केलं, ईगल्स बाराव्यावरून सातव्यावर चढले, आणि टॅम्पा बेनं त्या बाराव्यावर वॉरन सॅप घेतला. मामुला वाईट नव्हता, सॅप हॉल ऑफ फेममध्ये आहे.

१७ एप्रिल १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या नंबरवर डॉनोव्हन मॅकनॅबचं नाव पुकारल्यावर रेडिओ स्टेशननं बसनं नेलेल्या ईगल्सच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली, त्यांना रिकी विल्यम्स हवा होता. मॅकनॅबनं टीमला पाच वेळा कॉन्फरन्स फायनलला (सुपर बोलच्या आधीची मॅच) आणि एकदा सुपर बोलला नेलं. कोच अँडी रीडच्या काळातले बाकीचे पिक संमिश्र, फ्रेडी मिचेल (२००१) एका कॅचसाठी लक्षात राहिला, डॅनी वॉटकिन्स (२०११) हा २६ वर्षांचा कॅनडियन फायरमन दोन सीझनमध्ये बाहेर.

२०१० ते २०२५ : तेराव्या नंबरचा ब्रँडन ग्रॅहम (२०१०) पहिली काही वर्षं फुकट गेला असंच लोक म्हणायचे. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलला शेवटच्या अडीच मिनिटांत त्यानं टॉम ब्रेडीच्या हातातून बॉल उडवला आणि तो उचलला डेरेक बार्नेटनं, २०१७ चा पहिल्या राउंडचा पिक. ४१-३३. फ्लेचर कॉक्स (२०१२) आणि लेन जॉन्सन (२०१३) त्याच टीमचे, पण २०१६ ला दोन ट्रेड करून दुसऱ्या नंबरवर आणलेला कार्सन वेंट्झ दुखापतीमुळे बाहेर बसलेला आणि क्वार्टरबॅक होता तिसऱ्या राउंडचा निक फोल्स. त्यानंतरचा ३२ वा नंबर बाल्टिमोरला दिला, त्यावर लमार जॅक्सन गेला. २०२० ला जेलन रेगर घेतला आणि लगेच पुढच्या नंबरवर मिनेसोटानं जस्टिन जेफरसन, याची सल तिथे अजून आहे.

जनरल मॅनेजर होवी रोझमनची पद्धत पुढे बदललेली दिसते. २०२१ ला डॅलसशी नंबर बदलून जायंट्सच्या आधी डेव्होंटा स्मिथ, २०२२ ला जॉर्डन डेव्हिस आणि अठरावा नंबर देऊन ए. जे. ब्राउन, २०२३ ला जेलन कार्टर आणि नोलन स्मिथ, २०२४ ला क्विनियन मिचेल, आणि हे सगळे फेब्रुवारी २०२५ ला कॅन्सस सिटीला ४०-२२ नं हरवणाऱ्या टीममध्ये होते. त्यानंतरच्या ड्राफ्टला ईगल्सनी ३२ व्यावरून एक पायरी वर चढून अलाबामाचा लाइनबॅकर जिहाद कॅम्पबेल घेतला, आणि ३१ वा नंबर त्यांना दिला तो कॅन्सस सिटीनंच.