विमानाला भोकं पाडण्याची विद्या

2016 च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादव यांचं सहा आसनी विमान मांडलं होतं. कांदिवलीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं. तेव्हापासून घरगुती विमानांचा विषय निघाला की मला पहिला प्रश्न हमखास येतो, ‘इंजिन कुठून आणतात हो?’ अहो, इंजिन विकत मिळतं. विचारायचंच असेल तर भोकांबद्दल विचारा.

अमेरिकेत हा छंद चांगला रुळलेला आहे. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं असेल, तर तिथे अशा विमानाला ‘प्रायोगिक’ म्हणून परवानगी मिळते. ओरेगनमधल्या व्हॅन्स कंपनीचे सुटे भाग जोडून तयार झालेली 10 हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. अंगावरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, बहुतेक ठिकाणी मिलिमीटरपेक्षाही पातळ. तो आतल्या सांगाड्याला धरून ठेवतात हजारो रिव्हेटी, आणि प्रत्येक रिव्हेटीला एक भोक.

पत्र्याला वेगळं आणि सांगाड्याला वेगळं भोक पाडलं तर ती जुळत नाहीत, हे शिवणकाम करणाऱ्या कुणालाही कळेल. म्हणून दोन्ही भाग एकावर एक ठेवून एकदमच ड्रिल मारतात. भाग सरकू नयेत म्हणून पाडलेल्या भोकात ‘क्लेको’ नावाची स्प्रिंगची खुंटी घालतात, म्हणजे आपल्या शिंप्याचा कच्चा टाकाच. मग सगळं पुन्हा सुटं करायचं, भोकांच्या कडा साफ करायच्या, परत जोडायचं आणि मगच रिव्हेट ठोकायची. नवशिक्याला हे उघडणं-जोडणं वेळेचा अपव्यय वाटतं. तो का नाही, त्यातच सगळी गंमत आहे.

पत्रा ताणला की बल त्यातून ओढ्याच्या पाण्यासारखं वाहतं अशी कल्पना करा. मध्ये भोक आलं की प्रवाह बाजूने वळतो आणि भोकाच्या दोन्ही कडांना दाटी होते. किती? 1898 मध्ये किर्श या जर्मन अभियंत्याने हिशेब मांडला: रुंद पत्र्यातल्या गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक 3 मिलिमीटरचं असो की 30 चं, तिप्पटच! 1913 मध्ये इंग्लिस यांनी लंबगोल भोकाचं गणित सोडवलं. ताणाच्या दिशेला आडवा अक्ष भागिले उभा अक्ष, त्याची दुप्पट, अधिक एक. दोन्ही अक्ष सारखे धरा, उत्तर 3 येतं. भोक आडवं पसरट करत न्या, उत्तर चढत जातं. चीर म्हणजे उभा अक्ष जवळजवळ शून्य असलेला लंबगोल, तेव्हा तिच्या टोकाशी काय होत असेल ते ताडून पाहा. फरसाणाच्या पाकिटाला कडेला बारीक खाच असली की ते चटकन फाटतं, ते याच गणितामुळे.

आता ड्रिलने भोकाच्या कडेवर ठेवलेल्या ओरखड्याकडे या. तिथे ताण आधीच तिप्पट. त्यावर अर्धगोल आकाराची इवलीशी खाच आली तर तीही आपली तिप्पट लावते. ढोबळ मानाने नऊपट. पंख प्रत्येक झोताबरोबर थोडा वाकतो, सरळ होतो, आणि पोलादाप्रमाणे ‘इतक्या ताणाखाली कधीच थकणार नाही’ अशी मर्यादा ॲल्युमिनियमला नसते. म्हणून भोकाच्या तोंडाशी राहिलेली धारदार ‘बर’, म्हणजे ड्रिलने उचकटलेली धातूची किनार, काढायची. मोठं ड्रिल बिट नुसतं बोटांनी एक-दोन फेरे फिरवलं की पुरे. जास्त फिरवलं तर पातळ पत्र्याची धारच होते. पेन्सिलीने खुणा करायच्या नाहीत, कारण ग्राफाइट आणि ॲल्युमिनियम यांच्यात ओल शिरली की गंज धरतो. मार्कर वापरायचा.

हे पुस्तकी वाटत असेल तर 2023 सालचं उदाहरण घ्या. व्हॅन्सने मागणी पुरवायला काही भागांची भोकं लेसरने कापून घेतली होती. लेसर जिथून कापायला सुरुवात करतो तिथे कडेला बारीक खाच राहिली. रिव्हेटीचं डोकं पत्र्यात बसावं म्हणून भोकाभोवती खळगी दाबतात. ती दाबताना काही भोकांना चिरा गेल्या. बांधणाऱ्यांमध्ये खळबळ उडाली. त्याच डिसेंबरात कंपनीला दिवाळखोरीचं संरक्षण मागावं लागलं. कारणं आणखीही होती, पण हे त्यातलं एक.

आपल्याकडे मात्र विमान म्हटलं की चर्चा मुंबईत विमान उडवल्याची कथा ज्यांच्याबद्दल सांगितली जाते त्या शिवकर बापूजी तळपद्यांवर आणि ‘वैमानिक शास्त्रा’वर घसरते. त्या ग्रंथातली विमानं उडूच शकणार नाहीत, असं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 1974 मध्येच दाखवून दिलं आहे. तरी दर दोन वर्षांनी कुणीतरी मला तो मजकूर पाठवतोच. त्यातलं पाऱ्याचं इंजिन राहू द्या, पत्रा कसा जोडायचा ते सांगा म्हटलं की गप्प.

आणि पत्र्याला चीर गेलीच तर? तात्पुरता उपाय म्हणून तिच्या टोकाशी एक छोटं गोल भोक पाडतात. टोकाची धार जाऊन गोलाई येते, ताण विखुरतो आणि चीर पुढे सरकायची थांबते. कडा अर्थातच साफ करून.