लॉरेन्स टेलरचा १९८१ चा मोसम: नवोदित लाइनबॅकरची तुलना आजही त्याच्याशीच का होते

लाइनबॅकर म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा राहणारा खेळाडू. मायका पार्सन्स हा असाच लाइनबॅकर २०२१ मध्ये डॅलस काउबॉइजकडून एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला पहिलाच मोसम खेळला. चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूला, पाडणं म्हणजे सॅक, आणि पार्सन्सच्या खात्यात अशा १३ सॅक जमा झाल्या. वर्षातला सर्वोत्तम नवोदित बचावपटू म्हणून त्याची एकमताने निवड झाली. संपूर्ण लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूचा मान मात्र पिट्सबर्गच्या टी. जे. वॉटकडे गेला. पहिल्याच मोसमात हे दोन्ही पुरस्कार पटकावणारा खेळाडू आजवर एकच झाला आहे, न्यूयॉर्क जायंट्सचा लॉरेन्स टेलर. त्याचा मोसम नीट कळायचा असेल, तर त्याआधी जायंट्सचे काय हाल होते ते पाहावं लागतं.

१९६३ नंतर हा संघ प्लेऑफमध्ये पोहोचलाच नव्हता. १९ नोव्हेंबर १९७८ रोजी तर कहर झाला. फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध १७-१२ अशी आघाडी होती, अर्ध्या मिनिटाचा खेळ उरला होता, आणि क्वार्टरबॅकने गुडघा टेकून डाव तिथेच थांबवला असता, वेळ जाऊ दिला असता, तरी सामना खिशात होता. त्याऐवजी चेंडू हातातून निसटला, ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने तो उचलला, थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टचडाउन केलं आणि सामना हातचा गेला. संतापलेल्या प्रेक्षकांनी तिकिटं जाळली. मालक असलेल्या मारा घराण्यातल्या काका-पुतण्यांचं आपसात पटत नव्हतं. शेवटी लीगच्या आयुक्तांनी मध्यस्थी केली आणि १९७९ मध्ये जॉर्ज यंग महाव्यवस्थापक झाले.

तरीही १९८० चा मोसम चार विजय आणि बारा पराभवांवर संपला. त्यामुळेच पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जिथे तळाच्या संघांना आधी संधी मिळते, दुसऱ्या क्रमांकाची निवड जायंट्सच्या वाट्याला आली. पहिल्या क्रमांकावर न्यू ऑर्लिन्सने रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, जॉर्ज रॉजर्सला घेतलं. यंग यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या टेलरला घेतलं. लाइनबॅकरच्या फळीत हॅरी कार्सन, ब्रायन केली आणि सलग पाच वर्षं प्रो बोल या लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेलेला ब्रॅड व्हॅन पेल्ट हे आधीच होते. म्हणजे चांगले खेळाडू होते, यश नव्हतं.

त्याच वर्षी बचावाची सूत्रं बिल पार्सेल्स यांच्याकडे आली. त्यांनी पुढच्या फळीत तीन खेळाडू आणि त्यांच्यामागे चार लाइनबॅकर अशी रचना आणली. बाहेरच्या लाइनबॅकरचं काम तोवर प्रामुख्याने वाट पाहण्याचं असे: समोरचा काय करतो ते बघायचं, मग हलायचं. टेलरला कडेवरून सरळ क्वार्टरबॅकवर सोडलं जाऊ लागलं. असा हल्ला अडवायची जबाबदारी तेव्हा सहसा रनिंग बॅकवर असे. सुमारे १०८ किलोचा आणि भन्नाट वेगाचा माणूस अंगावर आला की त्याची धडगत नसे.

१९८० मध्ये जायंट्सने ४२५ गुण दिले होते, १९८१ मध्ये तेवढ्याच सामन्यांत २५७. सगळं श्रेय टेलरचं नव्हे. पार्सेल्स आणि जुने सहकारीही त्यात आहेत. पण नोव्हेंबरमध्ये क्वार्टरबॅक फिल सिम्स जखमी झाला आणि राखीव स्कॉट ब्रुनरवर भार पडला. तशा वेळी हा संघ बचावाच्याच जोरावर तरला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात डॅलसला जादा वेळेत १३-१० असं हरवलं, दुसऱ्या दिवशी जेट्सने प्लेऑफच्या त्याच जागेसाठी झगडणाऱ्या ग्रीन बेला नमवलं, आणि अठरा वर्षांनी जायंट्स प्लेऑफमध्ये पोहोचले. तिथे त्यांनी ईगल्सनाच २७-२१ असं घरी पाठवलं.

टेलरवरचा पहिला तोडगा पुढच्याच सामन्यात निघाला. ३ जानेवारी १९८२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी त्याला अडवण्याचं काम डावा गार्ड, म्हणजे क्वार्टरबॅकसमोरच्या अडवणाऱ्या ओळीतला खेळाडू, जॉन एअर्सला दिलं. एअर्स ओळीतून मागे सरकायचा आणि टेलरच्या वाटेत उभा राहायचा. सॅन फ्रान्सिस्को ३८-२४ असं जिंकलं. वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्स यांनी पुढे टेलरच्याच धास्तीने दोन टाइट एंड (ओळीच्या टोकाला उभे राहून अडवणारे आणि चेंडूही झेलणारे खेळाडू) आणि एकच रनिंग बॅक अशी रचना रुळवली. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, आणि टेलर बहुधा त्याच बाजूने यायचा. त्या बाजूला ओळीच्या कडेला उभं राहून अडवणाऱ्या डाव्या टॅकलचा भाव नंतरच्या वर्षांत वधारला त्याला हेही एक मोठं कारण आहे. एका नवोदिताने प्रतिस्पर्ध्यांना आपली मांडणी बदलायला लावणं मला त्याच्या दोन्ही पुरस्कारांपेक्षा मोठं वाटतं.

त्या मोसमातल्या त्याच्या साडेनऊ सॅक मात्र अधिकृत नोंदीत नाहीत. लीगने सॅकची अधिकृत मोजणी १९८२ पासून सुरू केली. म्हणून टेलरच्या कारकिर्दीचा अधिकृत आकडा १३२.५ आहे, आणि १९८१ धरलं तर १४२.