अग्निशमन सेवा दिन (ठाणे–नवी मुंबई)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई गोदीतील आग विझवताना कामी आलेल्या जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलला पाळला जाणारा दिवस. ठाणे आणि नवी मुंबईच्या अग्निशमन केंद्रांतही या दिवशी हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते आणि २० एप्रिलपर्यंत चालणारा अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो.

घटना १९४४ सालची. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या ब्रिटिश मालवाहू जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्या जोडीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. असा माल एकत्र भरणे म्हणजे उघड उघड जिवाशी खेळ होता. त्यात पोटात स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचे लाल निशाणही जहाजावर नव्हते. दुपारी धूर दिसला, वर्दी गेली, बंब पोहोचले. धूर इतका दाट की आगीचे मूळ सापडेना. ९०० टनांहून अधिक पाणी आत सोडले, तर तेच उकळू लागले. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. साधारण अर्ध्या तासाने दुसरा झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. पेटलेल्या गाठी आसपासच्या वस्तीवर जाऊन पडल्या आणि शेकडो सामान्य माणसांचाही बळी गेला.

या जवानांचे स्मारक भायखळ्याला, मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आहे. लंडनमध्येही त्याच महायुद्धातल्या बॉम्बफेकीच्या आगींशी झुंजलेल्या अग्निशामकांचे स्मारक सेंट पॉल कॅथेड्रलजवळ आहे. ते १९९१ मध्ये उभे राहिले.

ठाणे-नवी मुंबईत १४ एप्रिल म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती. शहरभर मिरवणुका असतात, त्यामुळे सकाळी पुष्पचक्र वाहणाऱ्या जवानांना पुढे दिवसभर सज्ज राहावे लागते. सप्ताहात प्रात्यक्षिके होतात. गॅस सिलिंडरची आग कशी विझवावी, अग्निरोधकाची पिन काढून नळी ज्वाळेच्या बुडाशी कशी धरावी, हे लोकांच्या हातून करून घेतले जाते. भाषणांपेक्षा याचाच उपयोग जास्त.

आत कोणता माल आहे हे बाहेरून कळले पाहिजे, हा गोदीतल्या त्या दुपारचा धडा ठाणे-बेलापूर पट्ट्याला थेट लागू पडतो. इथे रसायनांचे कारखाने आहेत आणि टँकरची सततची ये-जा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर आपत्कालीन माहितीचा फलक लागतो. त्यावर पदार्थाचे नाव, संयुक्त राष्ट्रांनी त्या पदार्थाला दिलेला क्रमांक (पेट्रोलचा १२०३) आणि मदतीचा दूरध्वनी असतो. टँकर उलटला तर पाणी मारायचे की फेस, हे अधिकारी तो फलक वाचूनच ठरवतो. फलक पुसट झाला असेल किंवा आतला माल वेगळाच निघाला, तर पहिला धोका नळी धरून पुढे गेलेल्या जवानाला.