ब्लूबेरी पॅनकेक

ब्लूबेरी पॅनकेक म्हणजे मैदा, ताक आणि अंडे यांच्या दाट पिठात ब्लूबेरी ही लहान, निळी, आंबटगोड फळे घालून तव्यावर भाजलेली, तळहाताएवढी फुगीर, गोडसर पोळी. पदार्थ उत्तर अमेरिकेतला. विदर्भात गुळाचे आयते किंवा धिरडी करणाऱ्या हाताला तो सोपा वाटतो, आणि चूक तिथेच होते. आयत्याचे पीठ पातळ असते, गुठळी मोडेपर्यंत घोटले तरी बिघडत नाही. पॅनकेकचे पीठ घोटले की मैद्यातले ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, ताणले जाते आणि पोळी चिवट, चपटी होते.

ब्लूबेरीची लागवड अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये सुरू झाली. तिथले पहिले विक्रीचे पीक १९१६ सालचे. झुडपाला ४.५ ते ५.५ सामूची (पीएच) आम्ल जमीन लागते. विदर्भातली काळी कपाशीची जमीन बहुतेक चुनखडीची, सामू आठच्या आसपास, म्हणून परसात रोप लावून उपयोग नाही. गावात करायचे तर शहरातून गोठवलेली फळे बर्फाच्या डब्यात आणावी लागतात. वाटेत वितळून पुन्हा गोठलेल्या फळांची साल फुटते आणि सगळे पीठ रंगते.

आठ पॅनकेकसाठी मैदा १५० ग्रॅम, साखर १ मोठा चमचा, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, खायचा सोडा पाव लहान चमचा, मीठ चिमूटभर, एक अंडे, दाटसर आंबट ताक २२५ मिली, वितळलेले लोणी २ मोठे चमचे, ब्लूबेरी १०० ग्रॅम. अर्धा मैदा आणि अर्धी कणीक घेतली तर चव भरते. गिरणीची कणीक पाणी जास्त पिते, तेव्हा ताक दोन-तीन चमचे वाढवावे. अंडे नको असल्यास दोन चमचे घट्ट दही घालावे, मात्र पोळी मऊ होते आणि उलटताना मोडते. पावसाळ्यात दमट झालेली बेकिंग पावडर फुगवत नाही. चिमूटभर गरम पाण्यात टाकून पाहावी, फसफसली तरच वापरावी.

कोरडे जिन्नस एकत्र चाळून घ्यावेत. ताक, अंडे, लोणी वेगळे फेटून त्यात ओतावे, दहा-बारा वेळा हलवून थांबावे. गुठळ्या राहतात, राहू द्याव्यात. पीठ दहा मिनिटे ठेवावे.

खरी परीक्षा आंचेची. चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, भडकन पेटतात आणि लगेच विझतात. अशा जाळावर पोळी बाहेरून करपते, आत कच्ची राहते. बाभळीचे इंगळ पसरून बिडाचा तवा ठेवावा. पाण्याचा थेंब तव्यावर नाचला की तवा तयार. थोडे तूप पुसून पळीभर पीठ ओतावे, पसरू नये. फळे पिठात न कालवता प्रत्येक पोळीवर आठ-दहा पेरावीत. गोठलेली फळे वितळवू नयेत, पण त्यांच्या गारव्याने मधला भाग कच्चा राहतो म्हणून आंच मंदच हवी. दोन ते तीन मिनिटांत वर आलेले बुडबुडे फुटून भोके तशीच उघडी राहिली की उलटावे. दुसरी बाजू दीड मिनिट. उलथन्याने दाबू नये, आतली हवा निघून जाते.

फळाभोवती हिरवट-करडे वलय दिसले तर बुरशी समजून टाकू नये. सोडा जास्त झाला किंवा ताक गोडे होते, एवढाच त्याचा अर्थ. ब्लूबेरीचा रंग आंबटात लालसर राहतो, सोड्याने पालटतो.

मृगाच्या सुमारास ब्लूबेरीऐवजी जांभूळ घालता येते, आणि गावात हाच प्रकार जास्त शहाणपणाचा. बी काढून गराचे तुकडे मीठ लावून पंधरा मिनिटे चाळणीत ठेवावेत, सुटलेला रस बाजूला काढावा, साखर एक चमचा वाढवावी. तुरटपणा थोडा उरतोच. वरून मध किंवा काकवी घेतली की तो जाणवत नाही. चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी मात्र फार पाणी सोडते, ती पिठात न घालता वरून घ्यावी.

उरलेले पीठ संध्याकाळपर्यंत ठेवू नये, सोड्याचा जोर गेलेला असतो. भाजलेले पॅनकेक मात्र मंद तव्यावर झाकण ठेवून पुन्हा गरम करता येतात.